पडद्याखालच्या चार ओळी

नाटकाची वही मी उतरवून देते, पण शेवटच्या पानावरच्या चार ओळी माझ्या असतात. हे आमच्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांना मान्य नव्हतं, आणि त्यांचं मान्य नसणं मला मान्य नव्हतं. भांडण एवढंच. पण त्या भांडणापायी यंदा आमच्या गावात दिवाळीच्या आधीच फटाके फुटले.

आधी वही म्हणजे काय ते सांगते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. एकदा सुरू झालं की कोंबडं आरवेपर्यंत चालतं. लोक चादरी पांघरून बसतात आणि मधून एक माणूस उठत नाही. बाहेरून बोलावलेल्या कंपन्या आता पुष्कळ झाल्या, पण आमचं गाव अजून आपलंच नाटक करतं. बायांची कामं करणाऱ्या तेवढ्या बाहेरून येतात. बाकी राजा, खलनायक, विनोदी नोकर सगळे गावातलेच, सकाळी ज्यांना धानाच्या बांधावर उकिडवं बसलेलं पाहिलं तेच. अशा माणसांचं पाठांतर कधी व्हायचं? म्हणून आमच्याकडे नाटकातला सगळ्यात मोठा माणूस प्रॉम्प्टर. तो पडद्याआडून वाक्य ओरडतो, नट ते उचलून बोलतो. पुढच्या रांगेला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. त्या प्रॉम्प्टरच्या पुढ्यात हाताने लिहिलेली वही असते. ठसठशीत अक्षर, बोलणाऱ्याचं नाव लाल शाईनं, पद हिरव्या शाईनं, बाकी निळ्यानं. ती वही मी लिहिते. माझ्या आधी माझा बाप लिहायचा.

बापाची रीत अशी, की 'पडदा पडतो' लिहून झालं की त्याच्या खाली आपल्या मनाच्या चार ओळी लिहायच्या. त्याला ही रीत त्याच्या आधीच्या कोणी दाखवली होती, त्याला आणखी कोणी. या ओळी स्टेजवर बोलायच्या नसतात. ज्याच्या हाती वही येईल त्याच्याशी ते वही उतरवणाऱ्याचं बोलणं असतं. बापाच्या एका वहीखाली होतं:

लिहिता लिहिता वाकली मान,
वाट पाहून थकलं धान,
चुकलं असेल तर धरा कान,
अक्षराला मात्र द्यावा मान.

आणि एका गावानं वही नेली ती परतच केली नाही, त्या रागात त्यानं पुढच्या वहीखाली लिहिलं:

वही जो नेईल न सांगता घरी,
नाटक त्याचं कोण सावरी,
पडदा अडकेल दोरीवरी,
बायको रुसून जाईल माहेरी.

माझी माय त्याच्यावर करवादायची. "धान पाण्यात उभं हाये अन् तुमी इथं राजाले मारून राहिले!" बाप मान वर न करता म्हणायचा, "नाटक लिवणाऱ्याचं, पद गाणाऱ्याचं, टाळ्या नटाच्या. माह्यं काय? या चार ओळी." तेव्हा मला ते हसण्यावारी वाटायचं. पुढं माझ्या हातात टाक आला तेव्हा त्याचा अर्थ कळला. नाटकाच्या पोस्टरवर लेखक असतो, दिग्दर्शक असतो, मंडपवाला, लाइटवाला, तबलावाला असतो, आणि ज्यानं नारळ फोडायचा असतो त्याचा तर फोटो असतो. वही लिहिणाऱ्याचं नाव पोस्टरवर शोधून दाखवा.

बापाच्या हातच्या साऱ्या वह्या उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ल्या. माझ्या लग्नानंतर माहेरच्या घरात कोणाचं लक्ष नव्हतं, पेटी उघडली तेव्हा आत माती होती. म्हटलं, संपला आपला बाप. मग कितीतरी वर्षांनी सौंदडला नात्यात लग्न होतं. तिथल्या घरी नाटकाची जुनी वही फळीवर पडलेली दिसली म्हणून सवयीनं शेवटचं पान उघडलं. तर तिथं 'लिहिता लिहिता वाकली मान'! ओळी माझ्या बापाच्या, अक्षर भलत्याचंच. सौंदडच्या कोण्या लिहिणाऱ्यानं बापाच्या वहीवरून नाटक उतरवलं होतं, आणि शेवटच्या ओळी नाटकातल्या की कोणाच्या याचा विचार न करता त्याही उतरवल्या होत्या. खाली परत स्वतःच्या चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात बिचाऱ्यानं डासांबद्दल गाऱ्हाणं केलं होतं. मी पंगतीत बसून ढसाढसा रडले. शेजारची म्हणाली, "भाजी लई तिखट हाये नं वो?" मी म्हटलं, हो बाई, तिखटच आहे.

तेव्हापासून माझं ठरलं. काही होवो, चार ओळी लिहायच्या, आणि खाली माझं नाव, बापाच्या नावासकट, माहेरचं. कारण ती रीत माझ्या माहेराहून आली आहे. माझ्या नवऱ्याला यात काही वाटत नाही. गरीब माणूस आहे, धान, बैल आणि रेडिओ यांपलीकडे त्याचं भांडण नाही.

आता मागल्या सालचा तमाशा सांगायला हवा, कारण आग तिथं लागली. मागल्या साली वही उतरवताना मी ऐन कापणीत घाईला आले होते. मंडळाचं एक माणूस घरी फिरकलं नाही. तालमीच्या जागी रोज चहाची किटली जायची, ती माझ्या घरावरूनच जायची, पण माझ्या दारात थांबायची नाही. म्हणून मी खाली लिहिलं:

बोटं आखडली, डोळे झाले लाल,
मंडळानं नाही पुसले हाल.
कोरड्या घशानं उतरली वही,
चहाची किटली आलीच नाही.

यात कोणाची बदनामी आहे का, सांगा. खरं तेच लिहिलं. पण आमचे नेहमीचे प्रॉम्प्टर तापानं पडले, आणि त्यांच्या जागी देवरीकडच्या एका मास्तरांना आणलं. मास्तर वाचायला पक्के, पण वही उतरवणाऱ्यांची रीत त्यांना कशी ठाऊक असणार? नाटकाच्या शेवटी म्हातारा बाप मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतो. उजाडत आलं होतं, बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. म्हातारा मेला. पडदा ओढणाऱ्यानं दोरीला हात घातला. तेवढ्यात मास्तरांनी पान उलटलं, त्यांना हिरव्या शाईतल्या चार ओळी दिसल्या, आणि ते आडून गरजले, "बोटं आखडली, डोळे झाले लाल!"

त्यांना वाटलं, मरतानाचं पद राहून गेलं. त्यांचंही फार चुकलं असं नाही, आमच्या नाटकात पद म्हटल्याशिवाय कोणी मरतच नाही. म्हाताऱ्याचं काम करणारे आमचे शेजारी, ते तर मेलेले. पण प्रॉम्प्टर बोलला की बोलायचं हे त्यांच्या हाडात मुरलेलं. उठून बसले. ऑर्गनवाल्यानं सूर धरला. आणि शेजाऱ्यांनी माझ्या चार ओळी अशा आळवल्या, की 'चहाची किटली आलीच नाही' ला त्यांच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. पब्लिकमधून आधी कोणीतरी फिदकन हसलं, आणि मग सारा मंडप उठला. वन्स मोर! वन्स मोर! म्हातारा पुन्हा मेला, पुन्हा उठला, पुन्हा किटलीसाठी रडला.

पुढच्या खुर्चीवर अध्यक्ष बसले होते, बाजूला तालुक्याहून बोलावलेले पाहुणे. पाहुण्यांनी वाकून विचारलं म्हणे, "तुमच्या इकडं चहाचं एवढं काय?" अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी बायांच्या बाजूला बसून पोट धरून हसत होते, खोटं कशाला बोलू. माझ्या आयुष्यात माझ्या नावाला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नाहीत, आणि नाव तर कोणाला माहीतही नव्हतं.

अध्यक्षांनी तो राग वर्षभर जपून ठेवला. यंदा हलकं धान कापणीला आलं तेव्हा ते उतरवायची वही आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या अंगणात आले. त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, त्यामुळे बोलतात तेही मापून.

"वहिनी, यंदा शेवटी कविता नाही."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? मागल्या साली माही इज्जत गेली नं सगळ्यायसमोर."

"किटली आली होती का माझ्या घरी?"

"किटलीचा सवाल नाही. शेवटच्या पानावर आपल्या दुकानाचं नाव टाका. 'यांच्या सौजन्याने' असं लिवा, मोठ्या अक्षरात. प्रॉम्प्टर तेच वाचंल, चार लोकाईले समजंल."

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. नवऱ्याला हे ठाऊक आहे. त्यानं टोपलं उचललं आणि गोठ्यात गेला.

"भाऊ," मी हळूच म्हटलं, "सिमेंट तुमचं, दुकान तुमचं. वहीचं शेवटचं पान माझं."

"बाईमाणसाचं नाव कायले पायजे नाटकाच्या वहीत? टाकाचंच असंल तर भाऊचं टाका."

गोठ्यातून नवऱ्याचा आवाज आला, "मले कायले ओढता बाप्पा? मले तर धड सही करता येत नाही."

"मंग गोंदियातून टाइप करून आणतो," अध्यक्ष उठले. "अर्ध्या दिवसाचं काम. तुमची खुशामत कोण करते?"

"आणा. वाजतगाजत आणा."

ते गेले. नवरा गोठ्यातून बाहेर आला, हात धुतले, भाकरीला बसला. "जाऊ दे नं वो. चार ओळीसाठी भांडण काऊन घेतं?" मी त्याला म्हटलं, "माझ्याजवळ चारच आहेत म्हणून." त्यानं त्याच्या ताटातली मिरची माझ्या ताटात सरकवली. आमच्यात समजूत अशीच निघते.

पण मी आतून हलले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे सोपं असतं. खरंच टाइप करून आणलं तर? मग माझा टाक कोणासाठी? मी पुण्याला बहिणीच्या मुलीला फोन लावला. ती तिथं जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करते, आणि आमच्या घरात माझ्या धंद्याला धंदा म्हणणारी ती एकटीच. मी तिला सगळं सांगितलं. ती किटलीला एवढी हसली की फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मावशी, थांब, तुला आजोबांचे भाऊबंद दाखवते."

तिनं फोनवर एका पानाचा फोटो पाठवला. ग्रीस देशातली पोथी, कितीतरी शतकं जुनी, चामड्यावर लिहिलेली. मला त्यातलं अक्षर कळेना, पण पान मात्र कळलं. वर घट्ट, एकसारख्या ओळी. मग थोडी जागा सोडलेली. आणि खाली वेगळ्या शाईत, जरा सैल हातानं, चार-पाच ओळी. मला कोणी सांगायची गरज नव्हती. काम संपल्यावर हात असाच सैल पडतो, माझाही पडतो.

"या कोणाच्या?" मी विचारलं.

"पोथी उतरवणाऱ्याच्या. मठात बसून दुसऱ्याची पुस्तकं उतरवायचे गं ही माणसं. आणि शेवटी स्वतःचं पद्य जोडायचे, मोजून बारा अक्षरांची ओळ. कोणी म्हणतं, माझ्यासाठी देवाकडे दोन शब्द टाका. कोणी पोथी चोरणाऱ्याला शाप देतं. कोणी म्हणतं, खलाशाला किनारा दिसावा तसं मला शेवटचं पान दिसलं."

नवेगाव बांधच्या तलावात वारा सुटलेला असताना मासे धरणाऱ्या ढीवराचा डोंगा काठाला लागतो, तेव्हा तो माणूस जो श्वास सोडतो तो मी ऐकलेला आहे. एवढ्या लांबच्या, एवढ्या जुन्या माणसानं माझ्याच मनातलं लिहून ठेवावं! तिनं पुढं सांगितलं की मागून उतरवणारे कधी कधी आधीच्याच्या ओळीही तशाच उतरवत, सौंदडच्या माणसासारख्या. काही जणांबद्दल जगाला तेवढंच ठाऊक आहे, त्या चार ओळी. बाकी ते कुठले, काय जेवले, कोणाचे बाप होते, काही नाही.

"आणि त्यांचे अध्यक्ष?" मी विचारलं. "त्यांनी नाही फाडली पानं?"

"फाडली की. कुठं कुठं लिहिणाऱ्याचं नाव खरडून काढलंय आणि त्या जागी मागून दुसऱ्याच कोणी आपलं घातलंय."

"मेले सगळीकडचे सारखेच," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सांगते ना, त्या दिवशी मला जे बळ आलं ते कोण्या देवळात आलं नसतं. मी एकटी नव्हते. माझ्या मागं बाप होता, डास चावलेला सौंदडवाला होता, आणि त्याच्याही मागं ते परदेशी मठातले, पाठ मोडलेले, हट्टी लोक होते. आता दुकानाचं नाव लिहिणं म्हणजे या सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसणं होतं.

टाइप केलेले कागद आले. आमचे जुने प्रॉम्प्टर यंदा बरे झाले होते. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "याच्यात लाल कुठं हाये? राजा कोणता अन् नोकर कोणता? मुंग्या चालून राहिल्या नुसत्या. मी नाही वाचत बाप्पा." त्यांना कोणी समजावू शकलं नाही. तालीम अडली. दोन-चार दिवसांनी अध्यक्ष पुन्हा अंगणात. या वेळी बसायला खाट मागितली नाही.

"लिवा तुमची वही," ते म्हणाले. "शेवटी काय लिवाचं ते लिवा. मी काही बोलत नाही. पण वही माह्या हाती आली का मी ते पान ब्लेडनं कापीन. आताच सांगून ठेवतो, मागून म्हणजान का सांगतलं नाही."

"कापा," मी म्हटलं. "पण माझ्यासमोर कापा. आणि वाचून कापा."

"वाचीन नं. कायले भेतो मी?"

म्हणून मी लिहायला बसले. लिहिताना मी मोठ्यानं म्हणत जाते, त्यानं ओळ सुटत नाही. दुपारची उन्हं अंगणात, कोंबड्या पायात, मी ओट्यावर पाट मांडून राजाच्या दरबारात. पहिल्या अंकातच असेन, तर फाटकातून काठी टेकत अध्यक्षांची आई आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. मुलाच्या घरी मागच्या खोलीत असते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या दुसऱ्या हातात किटली.

"पोरानं नाही पाठवली," ती धापा टाकत म्हणाली. "मीच आणली. मागल्या साली लई हासली मी. सून म्हणे गप्प राहा, पोट्टा चिडंल. मी म्हटलं चिडू दे."

मी तिला पाणी दिलं, खाटेवर बसवलं. "काकी, तुमच्या घरचा चहा पिऊन मी फितूर व्हायची नाही हं."

"फितूर व्हाले कोण सांगून राहिलं तुले? पी मुकाट्यानं."

ती रोज येऊ लागली. मी वाचत लिहायची, ती ऐकायची. कोंबड्या हाकलायची. खलनायक आला की "मुडदा!" म्हणायची, आणि नायिका घर सोडून निघाली तेव्हा "जाय बाई, जाय, थांबू नोको" म्हणून जोरजोरात हात हलवला. मला वाटतं, नाटक लिहिणाऱ्यालाही एवढा चांगला श्रोता मिळाला नसेल.

'पडदा पडतो' लिहिलं त्या दिवशी मी हात झाडले. ती म्हणाली, "आता तुह्या चार ओळी?"

"हो."

"अन् खाली तुह्यं नाव?"

"माझं आणि बापाचं. माहेरचं नाव."

ती बराच वेळ काठीनं जमीन टोकरत राहिली. मग म्हणाली, "मले लगनात नाव देल्लं. ताटात तांदूळ पसरले अन् त्याइनं अंगठीनं काहीतरी लिवलं. मले कुठं वाचता येत होतं? कोणी सांगतलंही नाही काय लिवलं ते. घरी आल्यावर सासूनं हाक मारली, मी वळलीच नाही. मले वाटलं दुसऱ्याच कोणाले बलावून राहिली. गालात बसली तवा समजलं का ते मीच."

मी टाक खाली ठेवला.

"तेच नाव कार्डावर हाये, यादीत हाये. मेल्यावर तेराव्याच्या पत्रिकेतही तेच छापतीन. माह्या मायनं ठेवलेलं कुठीच नाही लिवलं. ते बोलणारे होते ते सारे मेले. तू लिवशील का वहीत?"

"लिहिते की. सांगा."

तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मग तिनं ते नाव सांगितलं, हळू, लहान मुलीनं सांगावं तसं. मला आतून भरून आलं आणि त्याहून जास्त संताप आला. एवढ्या वर्षांत या बाईला कोणी विचारू नये? पण मला तिला फसवायचंही नव्हतं. "काकी, तुमचा पोरगा हे पान कापणार आहे. ब्लेड घेऊन येणार आहे."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "म्हणून तं आली. कापू दे नं. पहिले वाचू तं दे."

मी लिहिलं. हिरव्या शाईत ओळी, लाल शाईत नावं. शाई वाळू दिली. मग तिनं विचारलं, "माह्यं कोणतं?" मी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. तिनं स्वतःहून आणखी एकदा फिरवलं आणि काठी घेऊन घरी गेली.

ठरल्या दिवशी दुपारी अध्यक्ष आले. कागदाच्या पुडीत नवं कोरं ब्लेड. सोबत मंडळाचे दोघं जण होते, साक्षीला आणले असतील. नवरा या वेळी गोठ्यात गेला नाही, खांबाला टेकून उभा राहिला. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी शेवटचं पान उघडलं, ब्लेडची पुडी ओट्यावर ठेवली आणि मंडळाच्या दोघांकडे पाहून, टर उडवल्यासारखं, प्रॉम्प्टरच्या थाटात मोठ्यानं वाचायला लागले.

"यंदा किटली आली दारी,
आणणारीची तऱ्हाच न्यारी.
नाव तिचं हे वाचा मोठ्यानं,
पुसलं होतं हळदीच्या पाण्यानं."

आणि त्याच आवाजात त्यांनी खालचं पहिलं नावही वाचलं. सारं अंगण ऐकेल असं.

"हे कोण आता?" ते हसत म्हणाले. "पहिले एक होती, आता दुसरी घुसवली? या नावाची बाई तं आपल्या गावात नाही."

"आहे," मी म्हटलं. "तुमच्या घरी आहे. तुमची माय."

"काहीही नोका सांगू, वहिनी. मायचं नाव मले मालूम नाही का?" आणि त्यांनी साऱ्या गावाला ठाऊक असलेलं नाव घेतलं.

"ते तुमच्या घरानं ठेवलेलं. हे तिच्या मायनं ठेवलेलं. जा, जाऊन विचारा. तिनं बोट ठेवून लिहून घेतलंय माझ्याकडून. आणि तुम्ही कापणार हे माहीत असून लिहून घेतलंय."

मंडळाचे दोघं एकमेकांकडे पाहू लागले. अध्यक्षांनी वही डोळ्यांजवळ नेली. त्यांनी खाली बसून वही मांडीवर घेतली आणि त्या लाल अक्षरांखालून अंगठा नेला. मग पुन्हा ते नाव म्हणून पाहिलं, या वेळी हळू, अडखळत, जणू कोणी आडून सांगतंय आणि नीट ऐकू येत नाही.

"बरोबर वाचलं नं मी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर वाचलं," मी म्हटलं आणि ब्लेडची पुडी त्यांच्यापुढं सरकवली. "कापा आता."